घाबरणाऱ्या मुलाला कोणत्या पाळण्यात बसवावं?

“एवढासा तर पाळणा आहे, त्याला काय घाबरायचं?” जत्रेत किंवा पार्कात रांगेत उभ्या असलेल्या आईबाबांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. आपण पाळण्याचं माप डोळ्यांनी घेतो, किती उंच आणि किती मोठा ते बघतो. मूल ते माप पोटाने आणि कानाने घेतं, आणि पुढे काय होणार हे आपल्याला कळतंय की नाही यावरूनही. ही दोन मापं जुळत नाहीत. त्यामुळे लंडनच्या ‘लंडन आय’ या अवाढव्य चक्रात 135 मीटर उंचीवर काचेला नाक लावून मजेत बसलेलं पोर गावच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात भोकाड पसरतं.

हे गणित करून बघण्यासारखं आहे. गोल फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला केंद्राकडे ओढणारं त्वरण लागतं आणि फेरीला लागणारा वेळ निम्मा केला की ते चौपट होतं. समजा, जत्रेतल्या पाळण्याचा व्यास 10 मीटर आहे आणि तो 7 सेकंदांत एक फेरी मारतो. मग त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 40 टक्के भरतं. त्यात बसलेल्या 16 किलोच्या मुलाला माथ्यावर आपलं वजन जेमतेम साडेनऊ किलो झाल्यासारखं वाटतं आणि तळाशी येताना साडेबावीस किलो. दर साडेतीन सेकंदांनी हा बदल उलटापालटा. लंडन आयची एक फेरी अर्ध्या तासाची. तिथे त्याच मुलाच्या नेहमीच्या वजनात माथ्यावर किंवा तळाशी पडणारा फरक दीड ग्रॅमसुद्धा नाही. शरीराच्या लेखी ते चक्र हललेलंच नसतं.

वजनातला हा बदल टिपतो कोण? आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. शरीर वर-खाली, पुढे-मागे ओढलं गेलं की ते सरकतात आणि खालच्या केसांसारख्या पेशींना वाकवतात. दुसरी बातमी पोटातून येते. आपण एरवी बसलेलो असतो तेव्हा खुर्ची आपल्याला खालून रेटत असते आणि आतडी, जठर वगैरे एकमेकांच्या आधाराने टेकलेली असतात. पाळणा माथ्यावरून खाली वळला की तो रेटा कमी होतो, आतले अवयव हलके होतात आणि पोटात गोळा येतो. मोठ्यांना हा गोळा ओळखीचा असतो, त्याची मजाही वाटते. चार वर्षांच्या मुलाला मात्र आपल्या पोटात काय झालं हे सांगायला शब्दही नसतो. त्याच्या दृष्टीने काहीतरी बिघडलेलं असतं.

म्हणून लहान मुलांसाठी म्हणून रंगवलेल्या प्रत्येक पाळण्यावर विश्वास ठेवू नये. बेडकासारख्या उड्या मारत खाली येणारा तो छोटा टॉवर बघा. उंची पाच-सहा मीटर, बाकांवर हसरे चेहरे. पण एक मीटर मोकळं पडायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि तो तेवढाच धक्का चार-पाच वेळा देतो. पोटातला गोळा नको असलेल्या मुलासाठी हा पाळणा सगळ्यात वाईट. त्यापेक्षा बागेतली संथ झुकझुक गाडी, भले ती पुलावरून जाणारी का असेना, पुष्कळ बरी.

एकाच पाळण्यात कुठे बसता यावरही बरंच ठरतं. झुलणाऱ्या जहाजात दोन्ही टोकांच्या रांगा सगळ्यात उंच जातात आणि माथ्यावर सगळ्यात हलक्या होतात, मधली रांग त्यामानाने सौम्य. रोलर कोस्टरचा शेवटचा डबा चढाच्या माथ्यावरून पुढच्या डब्यांनी खेचला जातो, त्यामुळे तिथे माणूस सीटवरून उचलला जातो. पुढच्या डब्याला हा हिसका कमी बसतो, पण तिथून उतार सगळा समोर दिसतो. कोणाला दिसणं सोसतं, कोणाला न दिसणं. हे मुलाला विचारावं, ते बहुतेक वेळा नेमकं सांगतं.

गरगर फिरण्याचा त्रास वेगळा. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो. डोकं फिरायला लागलं की तो मागे राहतो आणि डोकं थांबलं तरी पुढे जातो, बादली गोल फिरवून थांबवली तरी आतलं पाणी फिरत राहतं तसा. कान सांगतो फिरतोय, डोळे सांगतात थांबलोय, आणि या भांडणातून मळमळ होते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. त्यानंतर तो वाढतो आणि साधारण सहा ते बारा या वयात सर्वांत जास्त असतो. म्हणजे मागच्या वर्षी गरगर फिरणाऱ्या कपबशीच्या पाळण्यात खिदळलेलं मूल यंदा पांढरंफटक पडून उतरलं तर ते नाटक करत नाहीये. घोड्यांच्या मेरी-गो-राउंडमध्ये फेरी संथ असल्याने हा त्रास कमी. तिथेही आतल्या रांगेचा घोडा बाहेरच्यापेक्षा हळू चालतो आणि बहुतेक ठिकाणी वर-खाली न होणारा बाकही असतो.

आता अंधाराकडे येऊ, कारण माझ्या मते पालक सर्वांत जास्त फसतात ते इथे. गाडी चालण्याच्या वेगाने जाते, उतार नाही, उंचीची अट नाही, म्हणून तिकीट काढलं जातं. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 1955 मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे स्नो व्हाइटच्या गोष्टीवर अशीच एक संथ, अंधारी सफर होती. कल्पना अशी की गाडीत बसणाराच स्नो व्हाइट. त्यामुळे तिची बाहुली त्यात दिसायची नाही आणि चेटकीण थेट मुलांच्या अंगावर यायची. मुलं रडत बाहेर पडायची. 1983 मध्ये सफर नव्याने बांधली तेव्हा नावातच ‘भीतिदायक’ हा शब्द घालून पालकांना सावध करण्यात आलं, आणि 2021 मध्ये ती पुन्हा बदलून जास्त गोड केली गेली. तिथे त्वरणाचा प्रश्न कधीच नव्हता. तीन ते पाच-सहा वर्षांच्या मुलाला चेटकीण खोटी आहे हे तोंडी माहीत असतं, पण अंधारात ती अचानक समोर उभी राहिली की ती माहिती उपयोगी पडत नाही. मोठ्या डोक्याचे, मुखवटा घातलेले, हात मिळवायला येणारे बाहुले याच कारणाने अनेकांना नकोसे होतात. आवाजाचंही तसंच. अचानक मोठा आवाज झाला की दचकणं ही मेंदूच्या तळाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला समजावता येत नाही. कानांवर चढवायचे जाड हेडफोन पिशवीत टाकावेत, एवढंच.

उलट, मुलाच्या हातात काही असलं की चित्र पालटतं. मेगन गुन्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये एक वर्षाच्या बाळांसमोर झांजा वाजवणारं यांत्रिक माकड ठेवलं. काही बाळांना ते स्वतः सुरू करता येत होतं, काहींसमोर ते आपलं आपण वाजायचं. माकड तेच, झांजाही त्याच. पण ज्या मुलग्यांच्या हातात त्याची कळ होती ते कमी घाबरले. मुलींमध्ये मात्र हा फरक तसा दिसला नाही. डिस्नेलँडच्या उडत्या डंबो हत्तींमध्ये एक दांडा असतो, त्याने हत्ती वर-खाली करता येतो. भेदरलेल्या मुलासाठी असा पाळणा शोधावा आणि दांडा त्याच्याच हातात द्यावा. सगळी फेरी खालीच राहून मारली तरी चालेल.

जुहू चौपाटीवर हाताने फिरवायचे पाळणे असतात. ना मोटर, ना संगीताचा कर्कश भोंगा. फिरवणारा माणूस मुलाच्या तोंडाकडे बघत फिरवतो आणि मुलाने ओठ काढले की हात आखडता घेतो. कोट्यवधींच्या यंत्रात ही सोय नसते, तिथे फेरी सुरू झाली की ती संपेपर्यंत सहसा थांबत नाही. पहिल्या पाळण्यासाठी मला चौपाटीच योग्य वाटते.

प्रवेशाजवळच्या उंचीच्या पट्टीचा मात्र गैरसमज फार. डिस्नेलँडमधल्या स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला 102 सेंटीमीटर लागतात, मॅटरहॉर्न या दुसऱ्या रोलर कोस्टरला 107. ही अट धाडसाची नाही, सीटच्या मापाची आहे. मूल पट्टीला लागलं याचा अर्थ ते त्या सीटमधून निसटणार नाही, इतकाच. मांडीवर येणारा दांडा दोघांत एकच असेल तर तो बाबांच्या मांडीला टेकून थांबतो आणि शेजारच्या मुलापुढे वीतभर पोकळी राहते. पाय खाली टेकत नाहीत, त्यामुळे त्याला स्वतःला सावरताही येत नाही. सुरक्षित असूनही आपण घसरतोय असं त्याला वाटतं, आणि ते काही खोटं नसतं. स्वतंत्र दांडा किंवा पट्टा असलेलं सीट मिळालं तर तेच घ्यावं. झपाट्याने गोल फिरणाऱ्या गाडीत मुलाला आतल्या बाजूला आणि मोठ्याला बाहेरच्या बाजूला बसवावं. उलट बसलात तर वळणावर तुमचं सगळं वजन त्याच्या अंगावर येतं.

चढण्याआधी मूल एकदा तुमच्या तोंडाकडे बघतं. हे उगाच नसतं. 1985 मध्ये एका वर्षाच्या बाळांवर एक प्रयोग झाला. टेबलावर जाड काच आणि काचेखाली साधारण 30 सेंटीमीटरचा खड्डा दिसतोय, पलीकडे आई. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. तिने घाबरलेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. “काही होत नाही, काही होत नाही” असं दात आवळून म्हणणाऱ्या पालकाचं वाक्य ऐकू येण्याआधी त्याचा जबडा दिसतो. दोघांपैकी ज्याला स्वतःला उंचीची भीती आहे त्याने खाली पिशव्या सांभाळाव्यात.

आणि ओढून बसवू नये. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या पावणेतीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो खात असताना पिंजरा लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा, मध्येच न घाबरणारी मुलं सशाशी खेळताना त्याला दाखवायची. पुढे पीटर सशाला थोपटू लागला. पार्कात हेच करता येतं. आधी बाहेर उभं राहून दोन-तीन फेऱ्या बघायच्या, किती वेळ चालतं ते मोठ्याने मोजायचं, ओळखीचं भावंड उतरताना कसं दिसतं ते बघायचं. मोजल्यामुळे शेवट कुठे आहे हे त्याला कळतं, आणि शेवट माहीत असलेली गोष्ट सोसायला सोपी जाते.

रांगेच्या टोकाशी आल्यावर मूल ‘नको’ म्हणालं तर तिथल्या माणसाला सांगा. मोठ्या पार्कांत चढण्याच्या जागेपाशी बाहेर पडायला वाट ठेवलेली असते. डिस्नेच्या पार्कांत तर एक पालक मुलाजवळ थांबतो आणि पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग न लावता बसता येतं. दिवसभरात तेच मूल एकाच घोड्यावर पाच वेळा बसायचं म्हणालं तर तिकिटाचे पैसे वाया गेले असं धरू नका. पहिल्या फेरीत त्याने घोड्याची मान घट्ट धरलेली असते, पाचवीत ते एक हात सोडून तुम्हाला टाटा करतं.