प्रोफायलिंग अख्ख्या प्रोजेक्टला का लावावं लागतं, त्याची पार्श्वभूमी

रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदराच्या मासळीचा हिशोब ठेवणारा आमचा सी++ प्रोग्राम मागच्या पावसात रिपोर्ट काढायला चार मिनिटं घ्यायचा, आणि जीप्रॉफ या प्रोफायलिंगच्या (कोडचा कुठला भाग किती वेळ खातो ते मोजायच्या) टूलच्या तक्त्यात सगळी बेरीज 31 सेकंदांची. बाकीचा वेळ गेला कुठे हे कळेना म्हणून मी मागचा इतिहास उकरायला घेतला.

1971 मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथनी फोरट्रान भाषेतले बरेच प्रोग्राम तपासले आणि दाखवलं की साधारण 4 टक्क्यांहून कमी कोड निम्म्याहून जास्त वेळ खातो, म्हणजे आधी मोजा, मग हात घाला. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रॉफ नावाचं टूल होतं, पण ते फंक्शनला (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याला) लागलेला वेळ सांगायचं, त्याला बोलावलं कोणी ते नाही. त्यासाठी बर्कलीच्या सुझन ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मॅकक्यूसिक यांनी 1982 मध्ये जीप्रॉफ मांडलं. कंपाइल करताना, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेताना, -पीजी हा पर्याय दिला की प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एमकाउंट या मोजणाऱ्या फंक्शनचा कॉल बसतो आणि कोणी कोणाला किती वेळा बोलावलं ते लिहून ठेवतो.

गोम इथेच आहे. -पीजी प्रत्येक फाइलला द्यावं लागतं, लिंक करतानाही (सगळे तुकडे जोडून एक प्रोग्राम करताना), आणि एखादी फाइल राहिली की तिच्या फंक्शनला कोणी बोलावलं त्याची नोंदच नाही. शेअर्ड लायब्ररीतला (प्रोग्राम चालताना बाहेरून जोडल्या जाणाऱ्या तयार कोडमधला) वेळ तर जीप्रॉफ धरतच नाही. पोफळीच्या वाडीत पाट मधेच कुठेतरी फुटलेला असतो आणि आपण शेवटच्या आळ्याशी उभं राहून पाणी का येत नाही म्हणून बघत बसतो, तसं झालं होतं आमचं. हॅस्केल भाषेच्या जीएचसी या कंपायलरमध्ये प्रत्येक लायब्ररीची प्रोफायलिंगवाली प्रत नसेल तर बिल्ड सरळ अडतो, आणि मला ते पटतं, अर्धवट आकड्यांपेक्षा अडलेलं बरं.

मग मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बांधायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये) सगळ्यात वर, कंपाइल आणि लिंक दोन्हीच्या फ्लॅग्जमध्ये -पीजी घातलं, लायब्ररी स्टॅटिक केल्या, म्हणजे प्रोग्रामच्याच आत जोडल्या, आधी कंपाइल झालेल्या जुन्या ऑब्जेक्ट फाइली राहू नयेत म्हणून मेक क्लीनने त्या पुसल्या, मधे दोनदा लाइट गेली, पण शेवटी सापडलं: तारीख वाचणारं लायब्ररीतलं एक फंक्शन, आणि आमचा कोड ते प्रत्येक नोंदीला पुन्हा पुन्हा बोलवत होता.

2009 मध्ये लिनक्स 2.6.31 सोबत पर्फ हे प्रोफायलिंगचं टूल आलं, त्याला -पीजी लागत नाही. पण कॉलची साखळी स्वस्तात बघायची तर फ्रेम पॉइंटर (कोणी कोणाला बोलावलं त्याचा माग ठेवणारी खूण) हवा, आणि एक रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी जागा) वाचवायला कंपायलर तो गाळत आलेत, म्हणजे परत सगळंच नव्याने कंपाइल करा. ते ओझं शेवटी डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या देणाऱ्यांनी, उचललं, 2023 मध्ये फेडोरा 38 ने आणि 2024 मध्ये उबुंटू 24.04 ने पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसकट बांधायला घेतली. आमच्या ऑफिसातल्या मशीनवर आता तेच उबुंटू आहे, आणि पर्फ लावलं की आमच्या फंक्शनपासून खाली सिस्टिमच्या लायब्ररीपर्यंतची साखळी सलग दिसते.