रक्त नवं, स्त्रीबीजं तिचीच
थॅलेसेमियाच्या (अंगात रक्त नीट न बनण्याचा जन्मजात आजार) पोरीचं लहानपणी बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, ट्रान्सप्लांट झालं की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आता दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) पळायला नको. खरंच मोठी सुटका आहे ती. पण तीच पोर पंचविशीची होते, डिचोली-फोंड्याकडे कुठेतरी लग्न जमतं, आणि मग आई कोणालातरी बाजूला घेऊन विचारते, हिला मूल होईल ना?

नवा मॅरो रुजायला जुना मारावा लागतो, त्यासाठी बुसल्फान, सायक्लोफॉस्फमाईडसारखी जबरी औषधं देतात, काही आजारांत अख्ख्या अंगाला रेडिएशन. मुलगी जन्मते तेव्हाच अंडाशयात १०-२० लाख कच्ची स्त्रीबीजं असतात, पुढे नवी बनत नाहीत, आणि बुसल्फान नेमका तो साठाच खातं. म्हणून कितीतरी मुलींना पाळी आपणहून येतच नाही, हार्मोन द्यावे लागतात. आणि पाळी आली तरी निर्धास्त राहू नका, साठा लवकर संपू शकतो, साठा किती उरलाय ते सांगणारी एएमएचची रक्ततपासणी वेळेत करून घ्या.

ट्रान्सप्लांटच्या आधी अंडाशय काढून गोठवता येतं, हे आईबापांना तेव्हाच सांगायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं. बेल्जियममध्ये सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या एका मुलीचं अंडाशय पाळी सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवलं होतं, त्याचे तुकडे मोठेपणी परत बसवले आणि २०१४ मध्ये तिला मुलगा झाला. रक्ताच्या कॅन्सरात मात्र जपून, त्या तुकड्यांत कॅन्सरच्या पेशी दडलेल्या असू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लग्नाच्या गडबडीत हमखास राहून जातं. ट्रान्सप्लांटनंतर रक्त दात्याचं होतं, रिपोर्ट छान येतो, पण स्त्रीबीजं तिचीच, त्यात थॅलेसेमियाचा जीन तसाच. म्हणजे तिच्या स्त्रीबीजातून होणारं प्रत्येक मूल कमीत कमी थॅलेसेमिया मायनर (म्हणजे एकच सदोष जीन, नुसता वाहक) असणारच, आणि नवराही मायनर निघाला तर दर गरोदरपणात मेजरची, म्हणजे तिच्यासारख्याच पूर्ण आजाराची, शक्यता ५० टक्के! म्हणून नवऱ्याची एचबीए२ टेस्ट (मायनर आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) दिवस राहायच्या आधीच करा, लाजू नका.

रेडिएशन झालं असेल तर गर्भाशय लहान राहतं, गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची डिलिव्हरी होऊ शकते. लहानपणी सारखं रक्त चढवून साठलेल्या लोहाचा हार्टवर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून टूडी एको (हार्टची सोनोग्राफी) आधी. आणि ती जुनी फाईल माळ्यावर टाकू नका, त्यातलं औषधांची नावं आणि डोस लिहिलेलं डिस्चार्जचं पान गायनॅकला पहिल्याच व्हिजिटला दाखवा.