रिपोर्ट रद्दीत टाकू नका, तारखेने लावून ठेवा

लॅबचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक घरांत एकच गोष्ट पाहिली जाते: एखादा आकडा ठळक छापलाय का? नसेल तर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणायचं, कागद ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत जातो. मला मनापासून वाटतं, हा कागद जपायला हवा.

रिपोर्टवर आकड्याशेजारी जी नॉर्मल रेंज छापलेली असते, ती बऱ्याच चाचण्यांमध्ये अशी ठरते: पुष्कळ निरोगी लोकांचं रक्त तपासायचं, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे आणि मधले ९५ टक्के धरायचे. म्हणजे ती रेंज सगळ्यांची मिळून असते. तुमचे स्वतःचे आकडे, तब्येत ठीक असताना, बहुधा त्या रेंजच्या एका छोट्या भागातच वर्षानुवर्षं फिरत राहतात. तिथून ते एकाच दिशेने सरकू लागले, तर रेंजमध्ये असूनही विचारपूस करायला हवी.

किडनीचंच घ्या. क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ किडनी गाळून बाहेर टाकते; गाळणं कमी झालं की तो वाढतो. एका बाईंचं क्रिएटिनिन ४५व्या वर्षी ०.७ होतं आणि ५०व्या वर्षी १.० आलं असं समजा. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल, कारण बायकांसाठी बऱ्याच लॅब साधारण १.१ पर्यंत नॉर्मल धरतात. पण हेच आकडे किडनीची गाळण्याची क्षमता काढायच्या प्रचलित सूत्रात घातले, तर ती सुमारे १०८ वरून ६९ वर आलेली दिसते. एक तृतीयांशाहून जास्त घट! लॅब बदलली, पाणी कमी प्यायलं किंवा आदल्या दिवशी भरपूर मटण खाल्लं तरी क्रिएटिनिन थोडं हलतं, म्हणून एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण डॉक्टरांना हे दोन्ही कागद शेजारी-शेजारी दिसले, तर ते चाचणी पुन्हा करतील, लघवीतलं प्रोटीन पाहतील, बीपी तपासतील. नुसता दुसरा कागद दिसला, तर यातलं काहीच होणार नाही.

साखरेचंही तेच. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून मधुमेह. ५.२, ५.४, ५.६ अशी दर खेपेला चढत जाणारी ओळ दिसली, तर चालणं वाढवायची आणि रात्रीचं जेवण हलकं करायची वेळ तीच. ‘आमच्यात कुणी जाडं नाही’ यावर मात्र विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली होती. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय २२.३. पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच कंबरेची टेप महत्त्वाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी. तोही आकडा तारखेसह फाइलमध्ये लिहा.

सगळ्यांत आधी फेकली जाते ती बाळंतपणाची फाइल. गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर उतरली, विषय संपला असं घरचे समजतात. अशा बाईला पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत साखर पुन्हा तपासायची आणि मग नियमित तपासत राहायचं. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना हे त्या फाइलशिवाय कळणार कसं?

जपलेले हे सगळे कागद मेडिक्लेमच्या वेळीही पाठीशी उभे राहतात. पेशंट ॲडमिट होत असतो, सगळे गोंधळलेले असतात आणि डॉक्टर विचारतात, ‘बीपी कधीपासून?’ कुणीतरी म्हणतं, ‘असेल दहा-बारा वर्षं.’ ते केस पेपरवर उतरतं. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची असेल, तर विमा कंपनी तोच कागद धरून विचारते की पॉलिसी घेताना हा आजार फॉर्ममध्ये का लिहिला नाही? खरं निदान दोन वर्षांपूर्वीचं असेल, तर त्या तारखेचं प्रिस्क्रिप्शन हाच तुमचा पुरावा. म्हणून अंदाजाने काही सांगू नका, फाइल काढून तारीख सांगा. आणि आजार आधीचाच असेल, तर तो फॉर्ममध्ये स्वच्छ लिहा. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमची असते.

२०२४ पासून नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजाराचा क्लेम मिळायला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. हे ६० महिने मोजायला जुन्या पॉलिसीच्या प्रतीही लागतात, विशेषतः कंपनी बदलली असेल तेव्हा.

फाइल करताना ईसीजीकडे आधी बघा. तो थर्मल कागदावर निघतो आणि काही वर्षांत पुसट होतो. लॅमिनेशन करायला जाल तर उष्णतेने काळा पडेल. त्याची झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. डिस्चार्ज कार्ड मूळच ठेवा. क्लेमसाठी मूळ प्रत द्यावी लागलीच, तर आधी झेरॉक्स. आभा हा सरकारी आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक (डिजिटल रिपोर्ट एकत्र ठेवण्यासाठीचा) काढला असेल, तर त्याला जोडलेल्या दवाखान्यांचे रिपोर्ट ॲपमध्ये दिसतात, पण जुने कागद तुम्हालाच चढवावे लागतील.

तिशी ओलांडलेल्यांची बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. तिथे छापील रिपोर्ट मिळालाच नाही, तर ‘ठीक आहे’ एवढं ऐकून उठू नका. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे विचारा आणि तारखेसह तिथेच वहीत लिहून घ्या.