पदकतालिकेमागचा भागाकार

ऑलिंपिकची सनद स्पष्ट सांगते की स्पर्धा खेळाडूंमध्ये असते, देशांमध्ये नव्हे. तरीही देशांची क्रमवारी लावायचे काम वर्तमानपत्रांनी कधी सोडले नाही. 1908 च्या लंडन ऑलिंपिकपासून प्रवेशिका राष्ट्रीय समित्यांमार्फत येऊ लागल्या आणि प्रत्येक विजय कुठल्या ना कुठल्या झेंड्याच्या खाती जमा होऊ लागला. 1952 मध्ये हेलसिंकीत सोव्हिएत संघ पहिल्यांदा उतरला, तेव्हा या हिशेबाला राजकीय धार चढली. कोणत्या क्रमांकाला किती गुण, यावरूनही भांडणे झाली. 2008 च्या बीजिंगमध्ये सुवर्णपदकांत चीन पुढे होता, एकूण पदकांत अमेरिका. अमेरिकी माध्यमांनी एकूण पदकांची तालिका छापली.

दोन्ही तालिका एक प्रश्न विचारत नाहीत: त्या देशाकडे मुळात होते काय? सोपा उपाय म्हणजे लोकसंख्येने भागणे. मग चित्र पार उलटते. टोकियोत सुमारे 34 हजार लोकसंख्येच्या सान मारिनोने तीन पदके जिंकली, आणि दरडोई यादीत मोठमोठे देश तळाला गेले. मला हा भागाकार न्याय्य वाटत नाही. एका प्रकारात एका देशाने किती खेळाडू उतरवायचे याला मर्यादा असते; अ‍ॅथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारांत साधारण तीन. दसपट लोकसंख्येच्या देशाला दसपट धावपटू पाठवताच येत नाहीत.

1970 च्या दशकात समाजशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ लोकसंख्येसोबत उत्पन्न आणि राज्यव्यवस्थाही तपासू लागले. पुढे अँड्र्यू बर्नार्ड आणि मेगन बसे यांनी 2004 च्या निबंधात दाखवले की पदकांचा अंदाज बांधायला देशाचे एकूण उत्पन्न सर्वांत उपयोगी पडते. यजमानपदाचा फायदा होतो आणि सोव्हिएत गटातले देश अपेक्षेपेक्षा जास्त पदके नेत. मात्र ही पद्धत सरासरी देशाशी तुलना करते.

कार्यक्षमतेचा खरा विचार कारखान्यांच्या अभ्यासातून आला. अर्थतज्ज्ञ मायकेल फॅरेल यांनी 1957 मध्ये मांडले की तुलना सरासरीशी नको, सर्वोत्तमांशी हवी. 1978 मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी त्याला गणिती रूप दिले. तेच डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे डीईए. 2002 मध्ये सेबॅस्टियन लोझानो आणि सहकाऱ्यांनी ते ऑलिंपिकला लावले: आत टाकले लोकसंख्या आणि राष्ट्रीय उत्पन्न, बाहेर आली पदके. या पद्धतीत प्रत्येक देशाला स्वतःला सर्वांत अनुकूल असे भार, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचे ते, निवडता येतात. एक सुवर्ण म्हणजे किती कांस्य, हे कुणी वरून लादत नाही. एवढी मोकळीक देऊनही एखादा देश मागे पडत असेल, तर त्याला सबब उरत नाही. याच कारणासाठी मी डीईएला दरडोई यादीपेक्षा वरचढ मानतो. अर्थात मोकळीक फार झाली तर एखादा देश कांस्यालाच सुवर्णाहून जड ठरवील, म्हणून भारांना बंधने घालावी लागतात.

दुसरी अडचण खोल होती. कारखाना उत्पादन वाढवतो तेव्हा शेजारच्याचे घटत नाही. पदके मात्र ठरावीक असतात. एकाने जास्त नेले की दुसऱ्याचे गेले. 2003 मध्ये लिन्स, गोम्स आणि सोआरेस द मेलो या ब्राझिली संशोधकांनी बेरीज स्थिर ठेवणारे प्रारूप मांडले, ते याचसाठी.

उरला प्रश्न आत काय टाकायचे याचा. 1996 च्या अटलांटात ब्रिटनला एकच सुवर्ण मिळाले. 2012 मध्ये, घरच्या मैदानावर, 29. मधल्या काळात लोकसंख्या काही तेवढ्या पटीने वाढली नव्हती. राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळांकडे वळला होता. म्हणून खेळावरचा खर्चच मोजला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. पण हा खर्च कुठे लॉटरीच्या खात्यात असतो, कुठे लष्कराच्या, तर अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विद्यापीठांच्या. तो एका मापात बसवणे जिकिरीचे असल्याने बहुतेक अभ्यास अजूनही लोकसंख्या आणि राष्ट्रीय उत्पन्न या दोन आकड्यांवरच उभे आहेत.