ड्यूटी-फ्री दुकान आणि ड्यूटी-फ्री सवलत: नाव एक, हिशेब दोन

गेल्या दिवाळीत माझा मेव्हणा दुबईहून आला, तेव्हा बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्याने तीन पावत्या मांडल्या आणि विचारले, की तिन्ही पावत्यांवर ‘ड्यूटी-फ्री’ असे छापलेले असताना कस्टमच्या अधिकाऱ्याने आपल्याकडून ड्यूटी घेतली ती कशाची? दोन पावत्या दुबईच्या विमानतळावरच्या होत्या, प्रत्येकी एक लिटर व्हिस्कीच्या. तिसरी भारतात उतरल्यावर, सामानाच्या पट्ट्याजवळच असलेल्या दुकानातली होती आणि तीही एक लिटरचीच. भारतातल्या दुकानात, तेही कस्टमच्या दारातच, परवान्याने विकली गेलेली बाटली पुन्हा मोजली जाणार नाही, अशी त्याची समजूत होती. नोकरीनिमित्त आखाती देशांत गेलेल्या खानापूर आणि निपाणीकडच्या इतर मंडळींकडूनही हीच समजूत मी ऐकली आहे, आणि तिच्यापायी कष्टाचा पैसा वाया जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

या गोंधळाचे मूळ असे आहे, की ‘ड्यूटी-फ्री’ या एकाच नावाने आपण दोन वेगळ्या गोष्टी ओळखतो. पहिली गोष्ट म्हणजे दुकान. ज्या देशातून माल बाहेर जाणार आहे, तो देश म्हणतो, की ही वस्तू इथे वापरली जाणार नाही, म्हणून तिच्यावरचे आमचे आयात शुल्क, उत्पादन शुल्क आणि विक्रीकर आम्ही घेत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सवलत. ज्या देशात तुम्ही उतरता, तो देश म्हणतो, की प्रवाशाने स्वतःसाठी किंवा भेट म्हणून आणलेल्या वस्तूंवर एका ठरावीक मर्यादेपर्यंत आम्ही आयात शुल्क लावत नाही. दुकानाची माफी वस्तूला मिळते, सवलतीची माफी प्रवाशाला मिळते. माफी देणारी सरकारेही बहुधा वेगळी असतात, आणि एका सरकारने सोडलेला कर दुसऱ्या सरकारवर बंधनकारक नसतो.

दुकानाची कल्पना जुनी नाही. पहिले ड्यूटी-फ्री दुकान आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर 1947 साली ब्रेंडन ओ’रेगन यांनी सुरू केले. अटलांटिक ओलांडणारी विमाने तेव्हा इंधनासाठी तिथे थांबत, आणि थांबलेला प्रवासी देशात खऱ्या अर्थाने आलेलाच नाही, तर त्याच्याकडून देशातला कर का घ्यावा, असा साधा विचार त्यामागे होता. याच विचाराची दुसरी बाजू 1999 साली दिसली. युरोपीय संघातल्या देशांनी आपसांतल्या प्रवासासाठी ड्यूटी-फ्री विक्री बंद केली, कारण बाजारपेठच एक झाल्यावर माल बाहेर जातो असे म्हणता येईना.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे समजायला परदेशी जाण्याची गरज पडू नये. कोल्हापूरकडचा गाडीवाला कागल सोडून कर्नाटकात, कोगनोळीच्या पुढे टाकी भरतो, तेव्हा तेलाचा मूळ भाव बदललेला नसतो, राज्याचा कर बदललेला असतो. गोव्यात दारू बेळगावपेक्षा स्वस्त मिळते, तीही बाटलीतला माल हलका असतो म्हणून नव्हे, तर तिथला कर कमी आहे म्हणून. मात्र तीच बाटली चोर्ला घाटातून कणकुंबीच्या अबकारी नाक्यावर आली, की गोव्यात ती कितीला मिळाली याला काही अर्थ उरत नाही. तिथे कर्नाटकचा नियम पाहिला जातो. गोव्यातले दुकान आणि कणकुंबीचा नाका यांत जो फरक आहे, तोच विमानतळावरच्या दुकानात आणि कस्टमच्या काउंटरवर आहे.

आता दुकानातला माल खरोखर स्वस्त असतो का, हे पाहू. दुकान कर सोडते, भाव सोडत नाही. विमानतळावरचे भाडे जबर असते. बहुतेक ठिकाणी दुकानदाराला ठरावीक किमान रकमेशिवाय विक्रीतला वाटाही विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला द्यावा लागतो, आणि तो खर्च शेवटी मालाच्या किमतीतच येऊन बसतो. शिवाय विमानाची वेळ होत आलेल्या माणसाला शेजारच्या गल्लीत जाऊन भाव विचारता येत नाही. गणपत गल्लीत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेल्यावर जी घासाघीस आपोआप होते, तिला तिथे जागाच नाही. म्हणून मूळ कर किती होता हा प्रश्न निर्णायक ठरतो. सुटलेला कर मोठा असेल, तर भाडे आणि नफा वजा जाऊनही ग्राहकाच्या हाती काही उरते. कर मुळातच किरकोळ असेल, तर काहीच उरत नाही.

दुबईचेच उदाहरण घेऊ, कारण आपली बरीच माणसे तिथून येतात. संयुक्त अरब अमिरातीत 2018 च्या जानेवारीपासून मूल्यवर्धित कर आहे आणि त्याचा दर 5 टक्के आहे. म्हणजे शहरातल्या मोठ्या दुकानात 105 दिरहमला मिळणाऱ्या चॉकलेटच्या डब्यात कर फक्त 5 दिरहमचा असतो. विमानतळावरच्या दुकानाने तो पूर्ण सोडला आणि भाव जराही चढवला नाही, तरी बचत शेकडा पावणेपाचच्या आसपासच राहते. त्यात पैसे भारतीय बँकेच्या क्रेडिट कार्डाने दिले, तर परकीय चलनाच्या व्यवहारावर अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो, आणि त्या आकारावर 18 टक्के जीएसटी धरला, की तो सव्वाचार टक्क्यांच्या जवळ जातो. बचतीतले जवळजवळ सगळे इथेच संपते. कार्ड यंत्रात घालताना ‘रक्कम रुपयांत घ्यायची का’ असा प्रश्न पडद्यावर आला आणि आपलेपणाने ‘हो’ म्हटले, तर विनिमयाचा दर दुकानाच्या बाजूचा लागतो, आणि तो सहसा आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. त्याच मेव्हण्याला मी आता सांगून ठेवले आहे, की चॉकलेट, खजूर, बदाम आणि साबण शहरातच, सवलतीचा आठवडा पाहून घ्यावेत आणि चेक-इनच्या बॅगेत भरावेत.

हाँगकाँगमध्ये तर सर्वसाधारण विक्रीकरच नाही, आणि उत्पादन शुल्क दारू, तंबाखू, इंधन तेल आणि मिथाइल अल्कोहोल एवढ्या चारच प्रकारांवर आहे. तिथल्या विमानतळावर ‘ड्यूटी-फ्री’ पाटीखाली कॅमेरा ठेवलेला असला, तरी सोडण्यासारखा कर मुळात नव्हताच. ब्रिटनने 1 जानेवारी 2021 पासून नियम बदलले आणि दारू-तंबाखू सोडून इतर मालावर विमानतळावर मिळणारी करमाफी काढून घेतली. त्यामुळे लंडनहून निघताना घेतलेल्या कपड्यांच्या किंवा हेडफोनच्या किमतीत तिथला 20 टक्के कर असतोच. पाटी जुनीच राहते, अर्थ बदललेला असतो.

खरी बचत कुठे आहे, तर जिथे सरकारांनी मुद्दाम जबर कर बसवले आहेत तिथे, म्हणजे दारू आणि तंबाखूत. परदेशातून येणाऱ्या व्हिस्कीवर भारताचे आयात शुल्क अनेक वर्षे 150 टक्के राहिले. दारू जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर राज्याचा अबकारी कर वेगळा चढतो. त्यामुळे परदेशी व्हिस्कीची बाटली आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये येईपर्यंत तिच्या किमतीत मोठा भाग कराचाच असतो, आणि विमानतळावर ती घेणाऱ्याचे पैसे खरोखर वाचतात. पण हे वाचणे त्याच्यासाठी, जो ती बाटली एरवीही विकत घेणारच होता. घरी कोणी पीत नसताना केवळ ‘स्वस्त आहे’ म्हणून दोन बाटल्या आणणे हा खर्चच आहे, आणि मी असे खर्च करणारी घरे पाहिली आहेत.

भाव ताडून पाहताना माप पाहायला विसरू नये, कारण विमानतळावरच्या दुकानांत बरीच मापे मुद्दाम वेगळी असतात. व्हिस्की आपल्याकडे 750 मिलिलिटरच्या बाटलीत मिळते, युरोपात 700 च्या, आणि ड्यूटी-फ्री दुकानात बहुधा पूर्ण लिटरच्या. समजा, तिथली लिटरची बाटली 3,000 रुपयांना आहे आणि गावातली 750 मिलिलिटरची 2,700 ला. वरवर पाहता गावातली स्वस्त वाटते, पण लिटरचा हिशेब केला तर ती 3,600 ला पडते. चॉकलेटच्या बाबतीत हे उलट घडते. समजा, 500 ग्रॅमचा देखणा पत्र्याचा डबा 1,000 रुपयांना आहे, म्हणजे शंभर ग्रॅमला 200 पडले, आणि शहरात तेच चॉकलेट 200 ग्रॅमच्या साध्या वेष्टनात 360 ला, म्हणजे शंभर ग्रॅमला 180 ला मिळते. रविवार पेठेत तूरडाळीचा भाव किलोवर विचारणारा माणूस विमानतळावर डब्याचा भाव विचारतो, हे मला नेहमी खटकते.

आता सवलतीकडे वळू. इथे दुकानाचे नावसुद्धा विचारले जात नाही. वस्तू ड्यूटी-फ्री दुकानातली असो, शहरातल्या बाजारातली असो की कोणी भेट दिलेली असो, ती भारतात येते आहे एवढेच कस्टम पाहते. 2014 साली शुल्काशिवाय आणता येणाऱ्या मालाच्या किमतीची मर्यादा 35,000 वरून 45,000 रुपये झाली आणि 2016 च्या बॅगेज नियमांनी, नेपाळ, भूतान आणि म्यानमार सोडून इतर देशांतून येणाऱ्या भारतीय प्रवाशासाठी, ती 50,000 केली. हा आकडा सरकार वेळोवेळी बदलत असते, म्हणून निघण्याआधी चालू नियम पाहून घ्यावा. 2016 च्याच मर्यादेने हिशेब मांडायचा, तर 80,000 रुपयांची वस्तू आणणाऱ्याच्या वरच्या 30,000 वर, अधिभारासह 38.5 टक्के दराने, 11,550 रुपये शुल्क होते. त्या वस्तूच्या पावतीवर ‘ड्यूटी-फ्री’ लिहिलेले असले, तरी त्यातला एक रुपयाही कमी होत नाही.

या मर्यादेबद्दल आणखी एक गैरसमज घरोघरी आहे. नवराबायको बरोबर असले की दोघांच्या सवलती एकत्र करून एक महाग वस्तू आणता येते, असे लोक धरून चालतात. नियम हे स्पष्ट नाकारतो: एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. लॅपटॉपचे मात्र वेगळे आहे. 18 वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप या मर्यादेच्या बाहेर, शुल्काशिवाय आणता येतो. टीव्हीचे याच्या नेमके उलट झाले. एके काळी आखातातून सुट्टीवर येणारा माणूस म्हणजे सपाट टीव्हीचा भलामोठा खोका, हे चित्र ठरलेले होते. 26 ऑगस्ट 2013 पासून सपाट पडद्याचा टीव्ही सवलतीतून वगळला गेला आणि तो आणणाऱ्याला पहिल्या रुपयापासून शुल्क लागू झाले.

दारू आणि तंबाखूला रुपयांच्या मर्यादेशिवाय मापाची वेगळी मर्यादा आहे. 2016 च्या नियमांत ती दोन लिटर दारू आणि 100 सिगारेटी, किंवा 25 सिगार, किंवा 125 ग्रॅम तंबाखू अशी होती. दोन लिटर म्हणजे लिटरच्या दोन बाटल्या बरोबर बसतात. 750 च्या तीन घेतल्या तर सव्वादोन लिटर होतात आणि वरचा पाव लिटर शुल्कात येतो.

मेव्हण्याची तिसरी पावती नेमकी इथे अडकली. आगमनाच्या बाजूला असलेले भारतीय ड्यूटी-फ्री दुकान ही खरी गोंधळाची जागा आहे, कारण तिथे दुकान आणि सवलत एकाच छताखाली, पन्नास पावलांच्या अंतरावर असतात. ते दुकान ज्या मालावर अजून आयात शुल्क भरलेले नाही असा माल विकते, आणि तो माल घेऊन तुम्ही कस्टमच्या रेषेकडे चालू लागलात, की तो परदेशातून आणल्यासारखाच तुमच्या सवलतीत मोजला जातो. दुकानातला माणूस पासपोर्ट आणि बोर्डिंग पास पाहून मर्यादेत माल देतो, पण दुबईत घेतलेल्या दोन सीलबंद बाटल्या तुमच्या हातातल्या पिशवीत आधीच आहेत, हे त्याने ओळखावे अशी अपेक्षा धरता येत नाही. दोन लिटर आधीच पूर्ण झाले होते. तिसरी बाटली ग्रीन चॅनेलने, म्हणजे शुल्क लागणारे काही जवळ नसलेल्यांच्या वाटेने, नेण्याजोगी नव्हती. रेड चॅनेलला, म्हणजे माल जाहीर करण्याच्या वाटेला, जाऊन तिच्यावर शुल्क भरणे हाच तिचा मार्ग होता, आणि ते शुल्क बाटलीच्या किमतीपेक्षा जास्त झाले.

आमच्या सांबऱ्याच्या विमानतळावर देशांतर्गत विमानेच येत असल्यामुळे बेळगावच्या प्रवाशाचे कस्टम मुंबईला, बंगळूरला किंवा गोव्याला होते, आणि गोव्याहून येणारा चोर्ल्याच्या रस्त्याने घरी पोहोचतो. कस्टम केंद्राचे खाते आहे, तर मद्य हा राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला विषय आहे. कणकुंबीच्या नाक्यावर गाडी थांबली, तर ती बाटली गोव्यातल्या दुकानातली नसून परदेशातून सवलतीत आलेली आहे, हे दाखवायला दुकानाची पावती आणि बोर्डिंग पास एवढेच कागद हाताशी असतात. ते बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावेत आणि बाटलीची सीलबंद पिशवी घरी पोहोचेपर्यंत फोडू नये.