बर्फ मुरगळलेल्या पायाला, पाणी भाजलेल्या हाताला

पाय मुरगळला की गरम पाण्याची पिशवी, आणि हात भाजला की फ्रीजमधला बर्फ. नागपुरात घरोघरी हाच उलटा उपचार चालतो आणि दरवेळी बघून जीव तुटतो.

मुरगळण्याचं आधी चटकन सांगतो. पहिले दोन दिवस बर्फ, तोही कापडात गुंडाळून, एका वेळी 15-20 मिनिटं. पाय उशीवर उंच ठेवायचा. शेकणं नको, चोळणं तर मुळीच नको. सुजलेला घोटा तेल लावून रगडणाऱ्याकडे नेणं मला अजिबात पटत नाही. चार पावलंही टाकता येत नसतील तर सरळ एक्स-रे काढायचा.

खरी गफलत भाजण्यात आहे. ‘भाजल्यावर थंड लावा’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं आणि मग गार पाणी काय नि बर्फ काय, एकच, असं धरून चालतात. ते एक नाही. समजा, सावजी रश्श्याची उकळती तर्री मनगटावर उडाली. तर्री पुसून टाकली तरी कातडीत शिरलेली उष्णता खालच्या थरांत उतरत राहते. वाहतं पाणी ती उष्णता सतत काढून नेतं. बर्फाने मात्र तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, आधीच पोळलेल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम आणखी खोल जाऊ शकते. वर बर्फाने कातडी बधिर होते, आग थांबते, त्यामुळे गुण आला असं वाटतं. लोक फसतात ते इथेच.

पाणी पूर्ण 20 मिनिटं, घड्याळ बघून. दोन मिनिटं हात नळाखाली धरला आणि झालं, असं नाही. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो.

आता नागपूरची खास अडचण. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कढत येतं. ते भाजल्यावर ओतू नका. माठातलं किंवा रांजणातलं पाणी घ्या. आपल्या कोरड्या हवेत ते छान गार होतं. मगाने बारीक धार धरत राहा. पाणी कमी असेल तर बादलीत हात बुडवा, आणि बादली कोमट झाली की पाणी बदला. बर्फाचं पाणी इथेही नको.

धार सुरू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून घ्या, सूज चढल्यावर निघत नाहीत. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी, बाकी अंग पांघरुणात. मुलं लवकर गारठतात.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, भिजवलेली कणीक यातलं काहीही लावू नका. टूथपेस्टचा मला विशेष राग आहे, कारण डॉक्टरांना ती पोळलेल्या कातडीवरून पुसून काढावी लागते आणि तेव्हा पेशंट कळवळतो. फोड फोडू नका. कापूस चिकटतो, म्हणून धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने सैलसर झाका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

भाजलेली जागा त्या माणसाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा भाजला असेल, तर पाणी घालून झाल्यावर दवाखान्यात जा. कुलरचा शॉक लागून भाजलं असेल तर गोष्टच वेगळी. आधी मेन स्विच बंद, मगच माणसाला हात लावायचा. वरून डाग रुपयाएवढा दिसला तरी वीज आतून गेलेली असते, हृदयाची तपासणी लागते. घरी थांबायचं नाही. मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं, त्यातलं जे जवळ असेल तिथे त्याच घडीला.