घरात दोन सबनेट आणि डीएचसीपीचं जुनं दुखणं

फायबरवाल्याने दिलेला डबा १९२.१६८.१.१ वर, त्याच्यामागे आपला राउटर लावून १९२.१६८.२.१ केला, म्हणजे घरात नेटवर्कचे दोन तुकडे, दोन सबनेट झाले, आणि मग पहिल्या वायफायवरचा लॅपटॉप दुसऱ्याकडच्या प्रिंटरपर्यंत पोचतच नाही, वर एकाच डीएचसीपी सर्व्हरने (उपकरणांना आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देणाऱ्याने) दोन्हीकडे आयपी वाटावेत म्हटलं तर तेही होत नाही. हे असं का, याचं उत्तर शोधायला १९८४ सालच्या स्टॅनफोर्ड विद्यापीठापासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स असायची. चालू झाल्यावर त्यांना फक्त स्वतःचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) माहीत, मग अख्ख्या वायरवर ओरडून विचारायचं की बाबांनो माझा आयपी कोणता. हा आरएआरपी नावाचा प्रोटोकॉल (संगणकांनी बोलायचे नियम), जून १९८४ चा आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, क्रमांक ९०३. उत्तरात नुसता आयपी, ना मास्क (सबनेट कुठवर ते सांगणारा आकडा) ना गेटवे (बाहेर जायचा राउटर), आणि सगळा कारभार इथरनेटच्या, म्हणजे एकाच वायरीच्या, लेव्हलवर त्यामुळे राउटर ओलांडायचा प्रश्नच नाही, प्रत्येक वायरीला वेगळा सर्व्हर ठेवा. गंमत बघा, याच्या चार लेखकांपैकी एक जेफ्री मोगल, आणि त्यांनीच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सबनेटची कल्पना लिहून काढली, जी ऑगस्ट १९८५ मध्ये आरएफसी ९५० म्हणून पक्की झाली. म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायची सोय आणि त्या तुकड्यांत अडकणारा प्रोटोकॉल, दोन्हीत हात एकाच माणसाचा.

पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९८५ ला, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांचा बूटपी हा आयपी वाटायचा प्रोटोकॉल आला. तो यूडीपीवर (आयपीवरून पॅकेट धाडायची साधी पद्धत) चालतो, पोर्ट ६७ आणि ६८, आणि त्याच्या पॅकेटमध्ये गिॲडर नावाचं चार बाइटचं एक फील्ड आहे. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा जीव याच्यात आहे. क्लायंटचा ब्रॉडकास्ट राउटर पुढे सोडत नाही, पण राउटरवर रिले (असं पॅकेट पुढे पोचवणारी सोय) चालू असला तर तो ते पॅकेट उचलतो, ज्या बाजूने आलं त्या बाजूचा स्वतःचा आयपी, समजा १९२.१६८.२.१, गिॲडरमध्ये भरतो आणि सरळ सर्व्हरच्या पत्त्यावर धाडतो. सर्व्हर तो आकडा बघून ठरवतो की याला कुठल्या सबनेटचा आयपी द्यायचा.

बूटपीत कोणत्या मॅकला कोणता आयपी ते हाताने लिहून ठेवावं लागायचं. राल्फ ड्रोम्स यांच्या डीएचसीपीने १९९३ मध्ये ठराविक मुदतीची लीज, म्हणजे आयपी भाड्याने देणं, आणली (आज चालतो तो मार्च १९९७ चा आरएफसी २१३१), पण पॅकेटचा साचा बूटपीचाच ठेवला. नेटवर्कवरची पॅकेटं बघायच्या वायरशार्क प्रोग्राममध्ये तर २०१९ पर्यंत डीएचसीपी बघायला फिल्टरमध्ये बूटपीच टाइप करावं लागायचं!

घरात मात्र गोंधळ वाढवला तो नॅटने, म्हणजे आतल्या सगळ्यांना राउटरच्या एकाच ॲड्रेसमागे लपवण्याने. मे १९९४ मध्ये ॲड्रेस संपत चालले म्हणून तात्पुरता उपाय म्हणून आला, १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १९२.१६८ वाले खाजगी ॲड्रेस पक्के केले, आणि घरगुती राउटर वॅन पोर्टवर (बाहेरची वायर लागते तिथे) नॅट चालू ठेवूनच विकले जायला लागले. म्हणून दोन राउटर मागेपुढे लावले की १९२.१६८.२.० मधून १९२.१६८.१.० मध्ये जाता येतं, उलटं नाही. दुसऱ्यावरचं नॅट बंद करा, तर पहिल्याला परतीची वाट सांगावी लागते: १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे दुसऱ्या राउटरचा वॅन आयपी, समजा १९२.१६८.१.२. आणि नेमकं हेच सेटिंगचं पान फायबरवाल्यांच्या बऱ्याच डब्यांत लॉक असतं.

डीएचसीपीचंही तसंच, घरगुती डब्यात बहुतेक वेळा स्वतःच्या सबनेटचा एकच पूल (वाटायच्या आयपींचा साठा) असतो, गिॲडर आला तरी त्याच्याकडे द्यायला काही नसतं. डीएनएसमास्क किंवा किया हे डीएचसीपी सर्व्हरचे प्रोग्राम चालवणाऱ्याला दुसरी रेंज लिहिता येते, बाकीच्यांनी दोन्ही राउटरवर आपापला डीएचसीपी ठेवावा. आणि एवढं करून पिंग (समोरचं उपकरण उत्तर देतं का ते बघायची हाक) लागला नाही तर आधी विंडोजची फायरवॉल बघा, प्रायव्हेट प्रोफाइलवर (घरच्या नेटवर्कसाठीच्या सेटिंगमध्ये) ती फार तर आपल्याच सबनेटच्या पिंगला उत्तर देते, बाहेरच्याला नाही.